ललितेतर पुस्तकाची उलटतपासणी कशी करावी

कादंबरी खोटी निघाली अशी तक्रार कोणी करत नाही. ललितेतर पुस्तक मात्र पानोपानी 'हे असे आहे', 'ते तसे घडले' असे सांगत असते आणि वाचणारा ते पुढे चारजणांना सांगतो. भाषणात, निबंधात, घरच्या वादात 'पुस्तकात छापलंय' एवढे म्हटले की समोरचा गप्प बसतो. खरे तर विचारणे तिथून सुरू व्हायला हवे: कोणत्या पुस्तकात, कितव्या आवृत्तीत, कोणत्या पानावर, आणि त्या लेखकाला ते कळले कुठून?

उत्तरे बहुतेक वेळा पुस्तकातच असतात. नामपृष्ठाची पाठ, प्रस्तावना, अनुक्रमणिका, तळटिपा, संदर्भग्रंथसूची, शब्दसूची, शुद्धिपत्र हे पुस्तकाचे अवयव वाचक सहसा ओलांडून जातो. हस्तलिखितांच्या काळापासून ते एकेक करून पुस्तकात आले, आणि लेखकावर नजर ठेवायला वाचकाला एवढीच साधने मिळालेली आहेत. तीनशे पानांच्या पुस्तकाची पहिली चाळणी वीस-पंचवीस मिनिटांत होते. तळटिपांत शिरायचे तर एक दिवस मोडतो. पेन्सिल आणि पोस्टकार्डाएवढी चार-पाच कोरी कार्डे जवळ असली की झाले.

आधी नामपृष्ठाची पाठ

मलपृष्ठावरचा मजकूर शेवटी वाचा. तो पुस्तक खपावे म्हणून लिहिलेला असतो. आधी नामपृष्ठ उलटा. तिथे बारीक टाइपात प्रकाशनवर्ष, आवृत्ती, मुद्रक आणि हक्क यांचा तपशील असतो. पहिल्या कार्डावर तीन तारखा उतरवा: मजकूर पहिल्यांदा कधी छापला गेला, हातातली आवृत्ती कधीची आहे, आणि ही प्रत कधी छापली. तिन्ही एकच असतील असे धरून चाललात की घोटाळा झालाच.

आवृत्ती म्हणजे मजकुरात फेरफार करून केलेली छपाई. पुनर्मुद्रण म्हणजे तोच मजकूर पुन्हा यंत्रावर चढवणे. प्रकाशक हे शब्द फार सैल वापरतात; मुखपृष्ठावर 'सातवी आवृत्ती' झळकते आणि आत काना-मात्राही बदललेला नसतो. यावर साधा उपाय आहे. शेवटची दोन प्रकरणे चाळून त्यांतले सर्वांत अलीकडचे साल शोधा. पुस्तकावर २०१९ छापले आहे आणि आतले एकही साल १९९४ च्या पुढे जात नसेल, तर तुमच्या हातात १९९४ च्या सुमाराचेच पुस्तक आहे. बऱ्याच परदेशी पुस्तकांत याच पानावर १० ९ ८ ७ ६ अशी उतरती (कधी विस्कटलेली) अंकांची ओळ असते. तिच्यातला सर्वांत लहान अंक हा मुद्रणाचा क्रमांक. १ आणि २ खोडलेले आणि ३ शिल्लक, तर प्रत तिसऱ्या मुद्रणाची.

आयएसबीएन, म्हणजे प्रत्येक पुस्तकाला मिळणारा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांकही बोलका असतो. ही पद्धत आंतरराष्ट्रीय मानक म्हणून १९७० मध्ये आली आणि १ जानेवारी २००७ पासून दहा अंकांचा क्रमांक तेरा अंकांचा झाला. म्हणजे '१९८५' असे छापलेल्या प्रतीवर फक्त ९७८ ने सुरू होणारा तेरा अंकी क्रमांक असेल, तर ती प्रत बहुधा बऱ्याच नंतरची आहे. क्रमांक नीट उतरवला गेला की नाही हे पडताळता येते. पहिल्या बारा अंकांना डावीकडून आळीपाळीने १ आणि ३ ने गुणा, बेरीज करा, आणि दहाच्या पुढच्या पटीला किती कमी पडतात ते पाहा. ९७८०३०६४०६१५ या बारा अंकांची अशी बेरीज ९३ येते. १०० ला सात कमी, म्हणून तेरावा अंक ७. उत्तर वेगळे आले तर कुठेतरी अंक चुकला आहे. ग्रंथालयाच्या यादीत पुस्तक 'सापडत नाही' याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

जुन्या मराठी पुस्तकावर शके असेल तर त्यात ७८ मिळवा; तारीख जानेवारी ते गुढीपाडवा या काळातली असेल तर ७९.

आवृत्तीचा एवढा आग्रह कशासाठी, हे डार्विनच्या पुस्तकावरून कळते. 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' २४ नोव्हेंबर १८५९ रोजी बाहेर पडले, पहिल्या आवृत्तीच्या १,२५० प्रती. १८७२ पर्यंत त्याच्या सहा आवृत्त्या निघाल्या आणि प्रत्येक वेळी डार्विनने मजकुरात हात घातला. 'सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट' हे शब्द त्याने हर्बर्ट स्पेन्सर या तत्त्वज्ञाकडून उचलले, आणि या पुस्तकात ते आले थेट १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत. शेवटच्या परिच्छेदातला सृष्टिकर्त्याचा उल्लेख पहिल्या आवृत्तीत नव्हता. १८६० च्या दुसरीत तो घातला गेला. 'इव्होल्यूशन' हा शब्द सहावीत अवतरला. तेव्हा 'डार्विनने १८५९ मध्ये म्हटले आहे' असे सांगून कोणी यातले काही पुढे करत असेल, तर त्याने पुस्तक उघडले असेल, पण नामपृष्ठ उलटलेले नाही. डार्विन नास्तिक होता की आस्तिक यावर तावातावाने भांडणारे दोघे कधी कधी नुसत्या दोन वेगळ्या आवृत्त्या वाचून बसलेले असतात.

नामपृष्ठ खोटेही बोलते, हेही ध्यानात असू द्या. दिदेरो आणि दालँबेर यांच्या संपादनाखाली १७५१ पासून निघू लागलेल्या 'आँसिक्लोपेदी' या फ्रेंच ज्ञानकोशाचा परवाना १७५९ मध्ये रद्द झाला. तरी काम चालूच राहिले. मजकुराचे उरलेले दहा खंड १७६५ मध्ये बाहेर आले तेव्हा त्यांच्यावर स्वित्झर्लंडमधल्या नोशातेलच्या प्रकाशकाचे नाव होते. छपाई मात्र पॅरिसचीच. इतकेच नाही. मुद्रक-प्रकाशक ल ब्रेताँ याने अडचणीत येऊ नये म्हणून, संपादकाने संमती दिलेली मुद्रिते (छपाईआधी तपासायची पाने) परस्पर कापली, आणि दिदेरोला ते कळले १७६४ मध्ये, पाने छापून झाल्यावर. सेन्सॉरच्या काळातल्या किंवा सत्तेच्या सावलीत छापलेल्या पुस्तकात एखादे प्रकरण मधेच लंगडते, पुढचे वाक्य मागच्याला धरून येत नाही, असे दिसले तर लेखकाला दोष देण्याआधी ही शक्यता तपासा. दुसऱ्या देशात छापलेली प्रत मिळाली तर ती शेजारी ठेवून वाचा.

प्रस्तावना कोणाची, भाषांतर कोणाचे

प्रस्तावनेच्या शेवटी सही आणि तारीख आहे का, एवढे पाहायला दहा सेकंद लागतात. १५४३ मध्ये न्यूरेंबर्गला कोपर्निकसचे ग्रहगतीवरचे पुस्तक छापले गेले. त्याच्या सुरुवातीला बिनसहीची एक टीप होती: यातले सिद्धांत खरे असायलाच हवेत असे नाही, गणित जुळले म्हणजे पुरे. कित्येक वाचकांना ते कोपर्निकसचेच शब्द वाटले. ते होते छपाईवर देखरेख करणाऱ्या आंद्रेआस ओसियांडरचे, आणि ही गोष्ट केप्लर या खगोलशास्त्रज्ञाने १६०९ मध्ये आपल्या पुस्तकात जाहीर केली. साठेक वर्षे पुस्तकाचा सूरच एका परक्या पानाने बदलून ठेवला होता. म्हणून बिनसहीची प्रस्तावना, 'दोन शब्द' किंवा 'प्रकाशकीय' लेखकाच्या खात्यावर मांडू नका.

भाषांतरित पुस्तक असेल तर काम दुप्पट. मूळ पुस्तकाचे नाव, मूळ वर्ष, कोणत्या आवृत्तीवरून भाषांतर केले, आणि 'संक्षिप्त', 'रूपांतरित', 'आधारित' यांपैकी कोणता शब्द छापला आहे, हे कार्डावर घ्या. 'आधारित' असेल तर मूळ लेखकाच्या तोंडी त्यातले एकही वाक्य घालू नका. चांगला, विद्वान भाषांतरकारही ढवळाढवळ करतो. डार्विनचे पहिले जर्मन भाषांतर १८६० मध्ये हाइनरिख ब्रॉन या नामवंत शास्त्रज्ञाने केले. त्याने स्वतःचे आक्षेप मांडणारे एक जादा प्रकरण शेवटी जोडले आणि मानवाच्या उत्पत्तीवर प्रकाश पडेल हे मूळचे गाजलेले वाक्य गाळले. जर्मन वाचकाच्या हाती पडलेला डार्विन तेवढा वेगळा होता. मूळ भाषा येत नसली तरी एक गोष्ट करता येते: प्रकरणांची संख्या मूळ पुस्तकाशी जुळवायची. एक कमी किंवा एक जास्त निघाले की थांबून कारण शोधायचे.

अनुक्रमणिका मोजा, सूची चाचपा

थोरला प्लिनी या रोमन लेखकाने इ.स. ७७ मध्ये आपला ३७ भागांचा 'नॅचरालिस हिस्टोरिया' सम्राटपुत्र टायटसला अर्पण केला. त्याचा अख्खा पहिला भाग म्हणजे अनुक्रमणिका आणि कोणत्या भागासाठी कोणते लेखक वाचले त्यांची यादी. अर्पणपत्रिकेत तो म्हणतो की शंभर लेखकांच्या सुमारे दोन हजार पुस्तकांतून वीस हजार गोष्टी गोळा केल्या आहेत, आणि टायटसला सगळे वाचत बसावे लागू नये म्हणून ही यादी जोडली आहे. आजची संदर्भसूची यापेक्षा फार वेगळे काही करत नाही. प्लिनीत भाकडकथा भरपूर आहेत, पण त्या कुणाच्या तोंडच्या हे त्याने पुष्कळदा सांगून ठेवले आहे. पुढे त्याच्यावरूनच मजकूर उचलणाऱ्या अनेकांनी तेवढाही प्रामाणिकपणा दाखवला नाही.

अनुक्रमणिका नुसती वाचू नका, पाने मोजा. 'संपूर्ण इतिहास' म्हणवणाऱ्या पुस्तकात पहिल्या दोनशे वर्षांना अडीचशे पाने आणि उरलेल्या तीनशे वर्षांना चाळीस असतील, तर त्या चाळीस पानांवर विसंबू नका. लेखकाची उमेद, पैसा किंवा मुदत संपलेली असते. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाची एडिंबराला निघालेली पहिली आवृत्ती (१७६८ ते १७७१) तीन खंडांची. पहिल्या खंडात फक्त ए आणि बी ही दोन अक्षरे, दुसऱ्यात सी ते एल, आणि एम ते झेड सगळी तिसऱ्यात कोंबलेली. 'वुमन' या नोंदीच्या वाट्याला शेवटी जेमतेम एक ओळ आली: पुरुषाची मादी, पाहा 'होमो'. कोशातली नोंद उतरवताना ती वर्णमालेत कुठे येते हे पाहण्याची सवय यासाठी.

सूची चाचपण्याची रीत अशी. पुस्तकाच्या विषयावर वाद कशाकशावर आहे ते तुम्हाला थोडेफार ठाऊक असतेच. तसे चार शब्द किंवा चार नावे मनाशी धरा आणि शेवटच्या शब्दसूचीत शोधा. विरोधी मत मांडणाऱ्यांची नावे अजिबात नसतील तर पुस्तक एकतर्फी आहे. एखाद्या नावापुढे नुसते पन्नास पृष्ठांक ओळीने असतील आणि उपनोंद एकही नसेल, तर सूची संगणकाकडून घाईत काढून घेतलेली आहे. तिच्यावरून 'हा विषय पुस्तकात नाही' असा निष्कर्ष काढू नका. सूचीच नसेल तर लेखकावर लगेच ठपका ठेवायला नको, ती बहुतेकदा पाने वाचवण्यासाठी प्रकाशक गाळतो. मग शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने स्वतःची करा: शब्द, पृष्ठांक, बस. पुस्तक ग्रंथालयाचे असेल तर कार्डावर.

पृष्ठांकाची गंमत इथेच सांगून टाकू. तेराव्या शतकात पॅरिसच्या डोमिनिकन मठात बायबलची शब्दसूची झाली, तिच्यात पृष्ठांक नव्हते. अध्याय आणि अध्यायाचा भाग दाखवणारे अक्षर होते. हाताने उतरवलेल्या दोन पोथ्यांची पाने जुळत नाहीत, तेव्हा पानाचा आकडा सांगून उपयोग काय? छपाईने सगळ्या प्रती सारख्या केल्या आणि मगच आकड्याला अर्थ आला. १४७० मध्ये कोलोनला छापलेल्या एका छोट्या प्रवचनात छापील पानक्रमांक आढळतात. ई-पुस्तकात अक्षर मोठे केले की पान पुन्हा सरकते, म्हणजे आपण फिरून पोथीच्या काळात आलो. तिथून उतारा घेताना प्रकरण आणि परिच्छेदाचा क्रमांक लिहा.

तळटिपा: खरे काम

संदर्भ किती लांब आहेत यावर भुलायचे नाही, आणि ते नाहीत म्हणून पुस्तक फेकायचेही नाही. पण जे पुस्तक प्रचलित समजुतीला आव्हान देते, त्याने पुरावे दिलेच पाहिजेत. रेचल कार्सनच्या 'सायलेंट स्प्रिंग' (१९६२) या कीटकनाशकांवरच्या पुस्तकाच्या शेवटी आधारांची यादी पन्नासहून अधिक पाने चालते. रसायन उद्योग तुटून पडणार हे उघड होते. ती यादी म्हणजे चिलखत होते. त्याही आधी, १६९७ मध्ये, पिएर बेल या फ्रेंच लेखकाने असा चरित्रकोश छापला की पानावर वर दोन-चार ओळींचा मजकूर आणि खाली टिपांचा पसारा. आधीचे कोशकार कुठे कुठे चुकले याचा हिशेब तो टिपांमध्ये मांडतो.

तपासणी अशी करा. एकूण टिपा मोजा आणि दहाने भागा. २४० टिपा असतील तर प्रत्येक चोविसावी घ्या, म्हणजे आवडीची निवडण्याचा मोह टळतो. त्यांत पुस्तकाचा सर्वांत मोठा दावा ज्या प्रकरणात आहे तिथल्या तीन टिपा वेगळ्या मिळवा. आता प्रत्येक टिपेला क्रमाने तीन प्रश्न. सांगितलेले पुस्तक किंवा लेख अस्तित्वात आहे का? सांगितलेल्या पानावर तो विषय आहे का? आणि तिथे खरोखर तेच म्हटले आहे का?

पहिल्या प्रश्नात सहसा कोणी नापास होत नाही. दुसऱ्यात होतात, पण पान चुकण्याचे कारण बहुधा आवृत्तीचा फरक असते; मागे-पुढे पाच-सात पाने चाळलीत तर मजकूर सापडतो. खरी गळती तिसऱ्यात. मुळात 'असण्याची शक्यता आहे' असते, इकडे येईतो 'आहे' होते. मुळात एका गावाची, एका रुग्णालयाची, एका वर्षाची गोष्ट असते, इकडे ती सगळ्या जगाला लागू होते. किंवा उताऱ्यात मधे टिंबे असतात. त्या टिंबांच्या जागी काय होते ते आवर्जून वाचा, कारण 'परंतु' नेमका तिथेच गाळलेला असतो. तेरापैकी एक-दोन ठिकाणी पान चुकले असेल तर सोडून द्या. दोन ठिकाणी अर्थ वाकवलेला दिसला तर त्या पुस्तकातली कोणतीही गोष्ट मूळ पाहिल्याशिवाय वापरू नका.

सगळ्यांत फसवा प्रकार म्हणजे उसना संदर्भ. लेखकाने मूळ पुस्तक पाहिलेलेच नसते. दुसऱ्याच्या तळटिपेतून टीप जशीच्या तशी उचललेली असते. खूण काय? मूळ नावातली छपाईची चूक दोन्हीकडे तीच असते. पुस्तकभर सगळे संदर्भ एका भाषेतले आणि मधेच अठराव्या शतकातला एक लॅटिन ग्रंथ, पानासकट. अशा टिपेवर बोट ठेवा आणि मागे मागे जा.

मागे जाणे म्हणजे काय, ते पालकातल्या लोहावरून पाहण्यासारखे आहे. पालकात फार लोह असते हा समज एका दशांश चिन्हाच्या चुकीतून आला, कोण्या जर्मन शास्त्रज्ञाने टिंब एक घर सरकवले आणि आकडा दहापट झाला, ही गोष्ट आजही अनेक पुस्तकांत 'आकडे तपासून घ्या' असा उपदेश करताना सांगितली जाते. त्या पुस्तकांच्या टिपा धरून मागे गेले की वाट बहुधा १९८१ च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या टेरेन्स हॅम्ब्लिन यांच्या लेखापाशी येते. आणि त्या लेखात या गोष्टीला कसलाही संदर्भ दिलेला नाही. वाट तिथेच संपते. २०१० मध्ये माइक सटन या अभ्यासकाने त्यापलीकडे शोध घेतला, तेव्हा दशांश चिन्हाच्या चुकीचा काही पुरावा मिळाला नाही. पुढे २०१४ मध्ये ओले ब्यॉर्न रेकडाल यांनी 'सोशल स्टडीज ऑफ सायन्स'मध्ये या सगळ्या प्रकारावर, म्हणजे न वाचता संदर्भ देत जाण्याच्या सवयीवर लेख लिहिला. आकड्यांच्या निष्काळजीपणाचा दाखला म्हणून निष्काळजीपणे पुढे ढकललेली ही गोष्ट. शंभर पुस्तके एकच गोष्ट सांगतात तेव्हा साक्षीदार शंभर असतात की एकच, हे मागे गेल्याशिवाय कळत नाही.

ज्यांना टिपाच नसतात त्या कोशांचे काय? तिथे दुसरा, वेगळ्या संपादकांचा कोश हाच उपाय. वेबस्टरच्या १९३४ च्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशात 'डॉर्ड' असा एक शब्द छापला गेला, अर्थ 'घनता'. असा शब्दच नाही. 'डी ऑर डी', म्हणजे घनतेसाठी मोठा किंवा लहान डी हे अक्षर वापरतात, अशी सूचना असलेली चिठ्ठी चुकून शब्दांच्या गठ्ठ्यात गेली होती. १९३९ मध्ये एका संपादकाला या नोंदीपुढे व्युत्पत्ती दिसेना तेव्हा चूक उघड झाली. ज्या नोंदीत इतरत्र हमखास असणारा तपशील गायब आहे, ती संशयाने पाहायची, हा धडा त्या संपादकाकडून घ्या.

चित्रे, आकडे, तारखा

मजकुराबद्दल सावध असणारा वाचकही चित्रापुढे विरघळतो. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांना दिलेला गेंडा गोव्याहून जहाजाने निघून २० मे १५१५ रोजी लिस्बनला उतरला. न्यूरेंबर्गमध्ये बसलेल्या ड्यूरर या चित्रकाराने तो कधीच पाहिला नाही. आलेले वर्णन आणि एक रेखाटन यांवरून त्याने लाकडी ठसा कोरला. अंगावर चिलखताचे पत्रे, पायांवर खवले, आणि खांद्यांच्या मधोमध एक जादा शिंग. गेस्नरच्या १५५१ च्या प्राणिग्रंथात तेच चित्र गेले, तिथून इतर पुस्तकांत, आणि अठराव्या शतकापर्यंत युरोपच्या पुस्तकांतला गेंडा ते जादा शिंग घेऊन फिरत राहिला. तेव्हा चित्राखाली 'प्रत्यक्ष पाहून' काढल्याचे म्हटले आहे का, छायाचित्राला तारीख आणि ठिकाण आहे का, नकाशाला प्रमाण आहे का, आलेखाचा उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो का, ते पाहा.

आकड्यांत सर्वाधिक पडझड भाषांतरात होते. मिलियन म्हणजे दहा लाख. घाईत त्याचे 'लाख' होते आणि आकडा दहापट घसरतो. बिलियन तर दुतोंडी. अमेरिकी वापरात एकावर नऊ शून्ये, म्हणजे अब्ज. ब्रिटनमध्ये जुन्या रीतीने एकावर बारा. सरकारी आकड्यांत नऊ शून्यांचा अर्थ धरला जाईल हे डिसेंबर १९७४ मध्ये जाहीर झाले. जर्मनमध्ये आजही तो बाराच शून्यांचा. त्यामुळे पुस्तक कुठले, कधीचे आणि कोणत्या भाषेतून आले हे पहिल्या कार्डावर नसेल तर इथे अडकाल.

तारखांचेही तसेच. न्यूटनचा जन्म एका पुस्तकात २५ डिसेंबर १६४२ आणि दुसऱ्यात ४ जानेवारी १६४३ दिसला तर कोणीही चुकलेले नाही. पहिली तारीख जुन्या ज्युलियन पंचांगाची, दुसरी ग्रेगोरियन. चूक होते ती दोन्ही पद्धती एकाच पुस्तकात न सांगता मिसळल्यावर: गॅलिलिओ वारला त्याच वर्षी न्यूटन जन्मला, हे टाळ्या घेणारे वाक्य अशाच सरमिसळीवर उभे आहे (गॅलिलिओची तारीख ग्रेगोरियन, न्यूटनची ज्युलियन).

ललिताची भेसळ

संवाद दिसले की पेन्सिल उचला. चारशे वर्षांपूर्वी बंद दाराआड दोघे काय बोलले, हे लेखकाला कसे कळले? पत्र, रोजनिशी, खटल्याची जबानी असेल तर टीप असेल. नसेल तर ते रचलेले आहे. १८२८ मध्ये वॉशिंग्टन अर्विंग या अमेरिकी लेखकाने कोलंबसचे चरित्र लिहिले, आणि पृथ्वी सपाट मानणाऱ्या पंडितांपुढे एकटा उभा राहिलेला कोलंबस असा प्रसंग त्यात रंगवला. शिकलेल्या युरोपियनांना पृथ्वी गोल असल्याचे तोवर कित्येक शतके ठाऊक होते. वाद होता अंतराचा, आणि त्यात कोलंबसच चुकीचा होता. पण प्रसंग इतका झकास जमला होता की पाठ्यपुस्तकांनी तो उचलला. जे वाक्य वाचताच कोणाला तरी ऐकवावेसे वाटते, त्याची टीप आधी शोधा.

जुने पुस्तक वापरायचे कसे

जुने म्हणून टाकाऊ, हाही आळसच. एका पुस्तकातल्या वेगवेगळ्या गोष्टी वेगवेगळ्या वेगाने शिळ्या होतात. नोंदी, मोजमापे, याद्या, प्रत्यक्ष पाहून काढलेली चित्रे फार टिकतात. त्यांची कारणमीमांसा लवकर विटते. डार्विनने कबुतरांविषयी जे पाहून लिहिले ते आजही वाचावे. गुण पिढी दर पिढी कसे उतरतात याचा त्याने १८६८ मध्ये मांडलेला खुलासा मात्र चुकीचा होता. आनुवंशिकतेचे नियम मांडणारा मेंडेलचा लेख १८६६ मध्येच छापून झाला होता, पण त्याकडे जगाचे लक्ष जायला १९०० साल उजाडले. म्हणून जुन्या पुस्तकातून घेताना कार्डावर दोन रकाने करा: 'पाहिलेले' आणि 'लावलेला अर्थ'. पहिल्यातले वापरा, वर्ष लिहून. दुसऱ्यातले वापरायचे तर त्या विषयावरचे गेल्या दहा-पंधरा वर्षांतले एक तरी पुस्तक शेजारी हवे.

यातही एक खाच आहे. १४९२ मध्ये निकोलो लिओनिचेनो या इटालियन वैद्याने प्लिनीच्या चुकांवर पुस्तक लिहिले, आणि वाद पेटला: चुका प्लिनीच्या की तेराशे-चौदाशे वर्षे पोथ्या उतरवणाऱ्यांच्या? दोन्ही बाजूंत तथ्य होते. आज जुनी पुस्तके स्कॅन करून अक्षरओळख यंत्रणेतून काढलेल्या स्वस्त प्रती मिळतात, तिथे हाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. ३ चा ८ होतो, तळटीप मजकुरात घुसते, तक्ते विस्कटतात, शुद्धिपत्र गळून जाते. अशा प्रतीतला आकडा मूळ पानाच्या स्कॅन केलेल्या चित्राशी ताडल्याशिवाय घेऊ नका. आणि मूळ प्रतीत शुद्धिपत्र असेल तर वाचायला बसण्यापूर्वी त्यातल्या दुरुस्त्या पेन्सिलने आत करून टाका. शेवटी करू म्हटले की होत नाही.

राहता राहिले शेवटचे कार्ड. त्यावर एका ओळीत लेखक, पुस्तक, आवृत्ती, वर्ष, पान. दुसऱ्या ओळीत घेतलेली माहिती स्वतःच्या शब्दांत. तिसरीत 'मूळ पाहिले' किंवा 'मूळ पाहिले नाही, अमक्याच्या पुस्तकावरून'. तिसरी ओळ लिहायला जीवावर येते. लिहिताना ती तशीच टिपेत उतरवा, म्हणजे तुमच्या टिपेवरून मागे येणाऱ्याला रस्ता कुठे तुटतो ते कळेल.